परदेशातली मुले आणि इथली बँक



आपल्या बारामती-इंदापूर भागात आता अशी आळी सापडणे कठीण, जिथल्या एकाही घरचे मूल परदेशात नाही. कुणी दुबईला, कुणी जर्मनीत, कुणी अमेरिकेत. आणि मुले गुणी असतात हो! तिथे बसून इथले सगळे बघतात. महावितरणचे बिल दुबईहून भरले जाते, वडिलांच्या विम्याचा हप्ता टेक्सासहून जातो. आईला फक्त फोन येतो, "आई, झालं गं काम." आई शेजारणीला कौतुकाने सांगते, आणि ते कौतुक करण्यासारखेच आहे. मला खटकते ते एवढेच, की अशा घरच्या बाईला आपल्या बँकेचे नाव ठाऊक असते, पण खात्यात काय आहे आणि ते काढायचे कसे, हे ठाऊक नसते.

इंदापूरच्या एका ओळखीच्या घरची हकिकत सांगते. ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. घरचा गणपती विसर्जनाला निघायचा आणि घरचे आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणतात, पायरीवरून घसरले. मांडीचे हाड मोडले. गाडी करून बारामतीला आणले, रुग्णालयात अनामत भरायला सांगितली. घरात सणाच्या दिवशी असते तेवढीच रोकड. थोरला मुलगा दुबईला, खाते त्याच्या नावावर, व्यवहार सगळा त्याच्या फोनवर. त्याने तिथून बँकेचे पान उघडायला घेतले, तर चक्र नुसते फिरते आहे, फिरते आहे. पान उघडेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. असे तीनदा झाले आणि बँकेने सुरक्षेसाठी खात्याचा ऑनलाइन व्यवहारच दिवसभर बंद केला. मुलगा तिकडे रडकुंडीला आलेला, आई इकडे पैशाच्या खिडकीपाशी उभी. धाकट्या सुनेला त्याच आठवड्यात भिशी लागली होती. ते पैसे घेऊन ती रात्री नऊला शेजाऱ्यांच्या गाडीने बारामतीला पोचली, तेव्हा कुठे अनामत भरली गेली.

त्या दिवशी झाले होते काय? आपल्याला वाटते इंटरनेट आकाशातून येते. ते येते समुद्राच्या तळावरून. देशादेशांमधली जवळजवळ सगळी वाहतूक तळाशी टाकलेल्या केबलमधून होते. बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड केबल, आणि तिच्या आत केसासारख्या काचेच्या तारा. आपल्याकडे त्या मुख्यतः मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात. त्या दिवशी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिराती इथले इंटरनेट मंदावले. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या होत्या, तेव्हाही आपल्याकडे मोठा फटका बसला होता. बहुतेक वेळा कारण साधेच असते, जहाजाचा नांगर नाहीतर मासेमारीचे जाळे. पण दुरुस्तीला खास जहाज लागते, आणि त्यात आठवडेही जातात.

लक्षात घ्या, इंटरनेट बंद पडले नव्हते, नुसते मंद झाले होते. गप्पा मारायला मंद इंटरनेट चालते. एसटी उशिरा आली तर आपण फलाटावर थांबतो, पण बँकेचे पान थांबत नाही. त्याला मिनिटांची मुदत असते. म्हणून त्याच्या लेखी मंद म्हणजे बंदच.

आता परदेशी राहणाऱ्यांनी काय करून ठेवायचे ते सांगते. हे मुलाला वाचून दाखवा, नाहीतर फोटो काढून पाठवा.

पहिली गोष्ट इथला मोबाइल नंबर. बँक, आधार, गॅस, विमा, सगळे त्या नंबराला बांधलेले असते. मुले विमानात बसली की तो नंबर विसरतात. रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे एसएमएससुद्धा थांबतात, आणि बराच काळ वापर नसला तर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. मग आपल्या बँकेचे निरोप भलत्याच्याच घरी! तेव्हा जाण्यापूर्वीच परदेशी रोमिंग सुरू करून घ्यायचे, सिम फोनच्या दुसऱ्या खणात ठेवायचे आणि रिचार्जची तारीख आईने कॅलेंडरवर लिहायची. ते सिम इथे आईच्या फोनमध्ये ठेवून "आई, नंबर सांग" असे करणारी घरे पुष्कळ आहेत. त्यात आईला मध्यरात्री उठावे लागते, आणि कोणालाही ओटीपी सांगायची सवय लागते. ती सवयच वाईट.

दुसरी गोष्ट खाते. परदेशी स्थायिक होऊन कमवायला लागल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते अनिवासी खात्यात, म्हणजे एनआरओत, बदलून घ्यावे लागते. कंटाळा करतात सगळे. पण ते करताना बँकेला विचारता येते, की ओटीपी ई-मेलवर किंवा तिथल्या नंबरवर पाठवाल का. पुष्कळ बँका पाठवतात. जानेवारी २०२३ मध्ये तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, सौदी अशा १० देशांतल्या नंबरांवरून एनआरई-एनआरओ खात्याला यूपीआय जोडायला परवानगी मिळाली. आपली बँक ती सोय देते का, हे अडचण आल्यावर विचारून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. एसएमएसच्या ओटीपीखेरीज खातरजमेच्या दुसऱ्या पद्धतींना त्यात वाव आहे, आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे ठरले.

तिसरी गोष्ट, जी बिले दर महिन्याला येतातच ती खात्यातून आपोआप वळती होऊ द्यावीत. महावितरणला आगाऊ रक्कम भरून ठेवता येते, त्यासाठी बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक पुरतो. चार महिन्यांचे एकदम भरले तर कुठल्या समुद्रात काय तुटले याची चिंता नको.

आता व्हीपीएन. मुले म्हणतात, "आई, इथून सरकारी साइट उघडत नाही, व्हीपीएन लावतो." आपल्याकडची काही सरकारी पाने परदेशातून आलेल्याला दारातूनच परत पाठवतात, हे खरे. व्हीपीएन म्हणजे आपला पत्ता झाकून दुसऱ्या देशाचा पत्ता दाखवणारी वाट. पण २०२२ साली आपल्या सरकारने या कंपन्यांना ग्राहकांची नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातली यंत्रेच हलवली. शिवाय अमिरातीत व्हीपीएनचा गैरवापर झाला तर दंड लाखो दिरहमचा आहे. आणि फुकटचे व्हीपीएन लावून बँक उघडणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हातून तिजोरीची किल्ली पाठवणे. मी तर स्पष्ट म्हणेन, सातबाऱ्यासाठी एवढी उठाठेव नको. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरी बसून निघतो, आणि जमत नसेल तर कोपऱ्यावर महा ई-सेवा केंद्र आहे. ई-पीक पाहणी तर २०२१ पासून शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढूनच करायची आहे. ती म्युनिकहून कशी व्हायची? शेताच्या बांधावर आहे त्यानेच करावी, आणि बाईमाणसाने का करू नये?

माझा खरा मुद्दा इथेच आहे. घराचा दोन महिन्यांचा खर्च आणि एका आजारपणाची अनामत एवढी रक्कम आईच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात असावी. मुलाच्या नाही, आईच्या. मुलाने आईला पाठवलेल्या पैशांवर आईला भेट म्हणून कर पडत नाही, त्यामुळे ती शंका नको. त्या खात्याचे एटीएम कार्ड आईच्या पाकिटात, पिन तिच्या डोक्यात, आणि महिन्यातून एकदा तिने स्वतः जाऊन पैसे काढलेले असावेत. वापर नसला की हात कापतो. मुलाचे एनआरओ खाते असेल तर त्यात घरच्या जवळच्या माणसाला व्यवहाराचा अधिकार देता येतो का, तेही बँकेत विचारावे. त्यासाठी कागदपत्र लागतात, परदेशातून सह्या यायला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करावी.

एक वही घाला. खाते क्रमांक, शाखेचा फोन, विम्याचा क्रमांक, आरोग्य विम्याच्या कार्डाची झेरॉक्स, वीज आणि गॅसचे ग्राहक क्रमांक. पिन आणि पासवर्ड मात्र वहीत नाही!

कधी उलटेही होते. मुलाकडे इंटरनेट चालू आणि आपल्याकडे बंद. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद ठेवले होते. अशा वेळी साधा फोन आणि एसएमएस बहुधा चालू राहतात. मुलाने व्हॉट्सॲपची वाट न बघता नेहमीचा फोन लावावा, तिथून एनईएफटी करावी, ती डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते. आईने शाखेतून रोख काढावी. १२ एप्रिल २०२५ ला तर इंटरनेट धड असूनही देशभर यूपीआयच अडले होते, तेव्हा खिशातल्या नोटाच कामी आल्या. इंटरनेट नसताना *९९# हा नंबर लावूनही एका वेळी ५ हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात. तो सगळ्याच कंपन्यांच्या सिमवर चालत नाही, म्हणून आधी शंभर रुपये पाठवून बघा.

मूल आहे त्या देशातच सगळे बंद झाले, जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात किंवा जून २०२५ मध्ये इराणमध्ये झाले तसे, तर मात्र कुठलीही युक्ती चालत नाही. तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा, आणि मुलाने पोचल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदवलेले हवे. याच दिवसांत "मी तुमच्या मुलाचा मित्र, तो अडकलाय, पैसे पाठवा" असे फोन येतात. पैसे पाठवू नका. गेलेच तर लगेच १९३० ला कळवा.

शेवटी निवृत्त सासू-सासऱ्यांबद्दल, कारण हिवाळ्यात मुलाकडे जाणारे आता पुष्कळ आहेत आणि हयातीच्या दाखल्याचा महिना नेमका नोव्हेंबर. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. अॅप इथे असतानाच फोनवर घालून, आधारशी जोडून, एकदा चालवून बघा. परदेशात ते अडलेच तर भारतीय वकिलातीतला अधिकारी सही करून हयातीचा दाखला देऊ शकतो. तो नमुना बँकेकडून निघण्यापूर्वी मागून घ्या आणि पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. मूळ कागद टपालाने यायला पंधरा दिवस धरले, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच वकिलातीची वेळ घ्यायला हवी.