सही कोणाची?

माणसाऐवजी त्याच्या तसबिरीचा सत्कार आपल्याकडेही होतो. पण तो माणूस गेल्यावर. अल्जेरियात मात्र हयात राष्ट्राध्यक्षांची चौकटीतली तसबीर समारंभात आणून ठेवीत आणि मान्यवर मंडळी तिच्यापुढे उभी राहत. अब्देलअझीझ बुतफ्लिका १९९९ पासून सत्तेवर होते. २०१३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, चाकाची खुर्ची आली आणि जाहीर भाषणे थांबली. त्यांच्या नावाची पत्रे मात्र निघतच राहिली. १० फेब्रुवारी २०१९ रोजी पाचव्या खेपेची उमेदवारी जाहीर झाली, तीही पत्रानेच.

आयुष्याची तीसएक वर्षे मी बँकेत सह्या पडताळण्यात घालवली. रक्कम कितीही मोठी असो, सही करणारा शुद्धीवर आहे का आणि ती सही त्याचीच आहे का, हे आधी पाहायचे. अल्जेरियातील लोकांनी त्या वर्षी नेमके हेच विचारले. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने कारभार कोण हाकतो? बोट धाकट्या भावाकडे, सेनाधिकाऱ्यांकडे आणि कंत्राटांवर गब्बर झालेल्यांकडे जात होते.

राजधानीत २००१ पासून मोर्चांना बंदी होती. तरीही २२ फेब्रुवारीच्या शुक्रवारी गावोगाव लोक रस्त्यावर आले आणि पुढे दर शुक्रवारी येत राहिले. विद्यार्थ्यांनी मंगळवार धरला. फ्रेंच राजवटीने जिला फाशीची शिक्षा सुनावली होती, ती जमिला बुहिरेद ऐंशी ओलांडून गेलेल्या वयात मोर्चात चालली. घोषणा होती ‘सिल्मिया’, म्हणजे शांततेने. जानेवारी १९९२ मध्ये निवडणूक रद्द झाल्यावर जी यादवी पेटली, तिच्यात एक ते दोन लाख माणसे गेल्याचे अंदाज आहेत. त्या घरांतली मुले मोर्चा संपल्यावर रस्ते झाडत होती. हा संयम भित्रेपणाचा नव्हता, अनुभवाचा होता.

२ एप्रिलला बुतफ्लिकांनी राजीनामा दिला. गर्दी मात्र घरी गेली नाही. तिला केवळ एक नाव खोडायचे नव्हते, सगळेच जायला हवे होते. एप्रिलची आणि मग जुलैची निवडणूक बारगळली. दोन माजी पंतप्रधानांना भ्रष्टाचारासाठी शिक्षा झाली. पण अमाझिग ध्वज हाती घेतला म्हणून तरुणही तुरुंगात गेले. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या वृद्ध लखदर बुरेगांनाही तुरुंगात टाकण्यात आले. अखेर १२ डिसेंबरला मतदान झाले. सरकारी आकड्यांनुसारच ते जेमतेम चाळीस टक्के होते. निवडून आले अब्देलमजीद तेब्बून, बुतफ्लिकांचेच एके काळचे पंतप्रधान.

मग वर्षभर चालून मिळाले काय, असे कोणी विचारील. मला वाटते, या चळवळीचे बळ आणि तिची उणीव एकाच ठिकाणी होती. तिला नेता नव्हता, म्हणून तिला विकत घेता आले नाही आणि एकाला पकडून मोडताही आले नाही. पण वाटाघाटीला बसायची वेळ आली, तेव्हा लोकांच्या वतीने शब्द द्यायला आणि घ्यायला अधिकाराने कोणी पुढे येऊ शकले नाही. ती रिकामी खुर्ची लष्कराने आपल्या सोयीने भरली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे मोर्चे थांबले, २०२१ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा सरकारने ते दडपले, आणि २०२४ मध्ये तेब्बूनच पुन्हा निवडून आले.

तरीही त्या वर्षाला मी वाया गेलेले म्हणणार नाही. तसबिरीपुढे मान तुकवायला नकार देणे ही लोकशाहीची पहिली पायरी आहे, आणि ती अल्जेरियाच्या लोकांनी हात न उगारता चढून दाखवली. दुसरी पायरी आपला माणूस निवडून त्याच्या हाती कारभार सोपवण्याची. तिच्यासाठी संघटना लागते, पक्ष लागतात, गावपातळीवरचे कंटाळवाणे काम लागते. शुक्रवारच्या गर्दीपेक्षा ते कठीण. पण उरलेल्या सहा दिवसांत ते झाले नाही, तर शुक्रवारची कमाई दुसराच कोणी उचलून नेतो.