अहो, फॅक्स आला!



दांडिया बाजारातल्या आमच्या काकांच्या घरी पहाटे साडेपाचला फोन वाजतो आणि कुणीही दचकत नाही. जपानमध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात, तिथलं ऑफिस नुकतंच उघडलेलं असतं. काकू उठते, फोन उचलते, पलीकडून थांबून थांबून येणारी बारीक शिट्टी ऐकते, हिरवं बटण दाबते आणि आत हाक देते, "अहो, फॅक्स आला!"

गेली पंचवीसेक वर्षं हे असंच चाललंय. काकांचा मकरपुरा जीआयडीसीत छोटा कारखाना आहे. पंपांना लागणारे बुश आणि स्लीव्ह तिथे बनतात. जपानमधलं एक जुनं गिऱ्हाईक अजून फॅक्सनेच ऑर्डर पाठवतं. ड्रॉइंगवर हाताने केलेल्या दुरुस्त्या, खाली शिक्का. पहाटे कारखाना बंद असतो, म्हणून मशीन घरी, दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात फॅक्स? मीही हेच म्हणायचे. पण जपानमध्ये फॅक्स इतका मुरलेला आहे की २०२० साली कोरोनाच्या रुग्णांची माहितीसुद्धा तिथे हाताने फॉर्म भरून फॅक्सने जात होती. पुढच्या वर्षी तारो कोनो या मंत्र्यांनी सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स हटवायचं ठरवलं, तेव्हा कचेऱ्यांनीच शेकडो हरकती घेतल्या. मग एका छोट्या कारखानदाराला "ईमेल कर" असं आपण बडोद्याहून कसं सांगणार? गिऱ्हाईक बदलत नसेल तर बदल आपल्या टोकाला करायचा.

तो करायची वेळ का आली, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी काका-काकू चार दिवसांसाठी इंदूरला लग्नाला गेले होते. मागे एक फॅक्स आला. मशीनमधला कागद संपलेला होता. अशा वेळी मशीन पान आपल्या मेमरीत ठेवतं आणि पाठवणाऱ्याला "मिळालं" असा निरोप देऊन टाकतं. त्या दुपारी लाइट गेली आणि मेमरीतलं पान पुसलं गेलं. जपानच्या मशीनने ओकेचा कागद छापला, आमच्याकडे काहीच नाही. पानावर बुशच्या आतल्या व्यासाची दुरुस्ती होती, माप कमी केलेलं. इकडे जुन्या मापाने तीनशे बुश तयार झाले, तेही गनमेटलचे. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. सगळा माल भंगारात गेला.

त्यानंतर काका-काकू दोघं मिळून कुठेही गेले नाहीत. एक जण कायम घरी. यंदा पुण्याच्या ताईला दिवस गेले तेव्हा काकू म्हणाली, "मी जाईन बाळंतपणाला. हे राहतील इथे." ताईला ते पटलं नाही. काकूचे गुडघे दुखतात, काकांना साखरेचा त्रास आहे, दोघांना वेगवेगळं ठेवायचं कसं? ताईने मला फोन केला. "तू बीई केलंयस ना? त्या मशीनचं काहीतरी कर."

म्हणून या वेळची खटपट ही.

आधी फॅक्स म्हणजे काय ते थोडक्यात बघू. ही कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने तारेवरून चित्र पाठवण्याचं पेटंट १८४३ साली घेतलं, आणि बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ सालचं. आपण ज्याला फॅक्स म्हणतो त्याचे नियम १९८० साली ठरले. त्यात पानाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांची. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. सलग पांढऱ्या आणि सलग काळ्या ठिपक्यांच्या लांबीला आखूड खुणा देतात आणि त्या खुणा आवाजाच्या रूपात फोनवरून जातात. काकूला ऐकू येणारी ती शिट्टी ११०० हर्ट्झची असते, अर्धा सेकंद वाजते आणि तीन सेकंद थांबते. "मी फॅक्स आहे, माणूस नाही," एवढाच तिचा अर्थ. आपलं मशीन २१०० हर्ट्झचा सूर लावून उत्तर देतं. मग दोघं अगदी हळू, सेकंदाला ३०० बिटच्या वेगाने, कोणाला काय जमतं ते ठरवतात, आणि त्यानंतर पान भरभर येतं.

म्हणजे मशीनचं काम दोन भागांत आहे. फोनवर बोलणं आणि कागदावर छापणं. पहिला भाग ठेवायचा आणि दुसऱ्याऐवजी ईमेल जोडायचा, एवढंच करायचं होतं.

सामान फारसं नाही. माझ्या खणात एक जुना रास्पबेरी पाय पडला होता. हा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. त्याला यूएसबीचा फॅक्स मोडेम लागतो. इथे एक सावधगिरी. स्वस्तातले बरेच मोडेम अर्धं काम कॉम्प्युटरवर ढकलतात आणि लिनक्सवर चालत नाहीत. घेताना "हार्डवेअर मोडेम" आहे आणि लिनक्सवर चालतो, हे वाचूनच घ्या. मी आधी चुकीचा आणला, पैसे गेले.

सॉफ्टवेअर फुकट आहे, नाव हायलाफॅक्स. सॅम लेफलर या प्रोग्रॅमरने ते १९९०च्या दशकात सुरू केलं. फॅक्सची पानं ज्या टिफ प्रकारच्या फाइलमध्ये साठवतात, ती वाचणारी प्रसिद्ध लायब्ररीही त्याचीच. फॅक्स आला की हायलाफॅक्स तो कार्डावर साठवतो, त्याची पीडीएफ करतो आणि दिलेल्या पत्त्यांवर पाठवतो. मी तीन पत्ते घातले. काकांचा, कारखान्यातल्या फोरमनभाईंचा आणि माझा. मेल पाठवण्यासाठी काकांच्या खात्याचा नेहमीचा पासवर्ड मशीनमध्ये लिहून ठेवला नाही. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावली आणि या कामापुरता वेगळा ॲप पासवर्ड काढला. उद्या डबी चोरीला गेली तर तेवढाच रद्द करता येतो.

रविवारी सकाळी शेव-उसळ खाऊन आम्ही चाचणीला बसलो. काकूचं जुनं मशीन काका रिक्षाने मकरपुऱ्याला घेऊन गेले आणि तिथल्या लाइनला जोडून घरच्या नंबरावर फॅक्स करायला लागले. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "चहा ठेव, येतोय." पान माझ्या फोनवर आलं. काकू हसली, म्हणाली, "एवढ्यासाठी जपानी मशीन?"

पण त्यानंतर काकांनी खरं ड्रॉइंग पाठवलं आणि ते अर्ध्यातच तुटलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तुटलं. काका फोनवर म्हणाले, "जुनं होतं तेच बरं होतं." मला वाईट वाटलं, पण त्यांचं चूक नव्हतं. तीनशे बुश त्यांनी भंगारात घातले होते, मी नाही.

दोष निघाला लाइनमध्ये. गेल्या वर्षी टेलिफोन कंपनीने सोसायटीतली तांब्याची तार काढून फायबर टाकलं. आता फोनचा आवाज छोट्या छोट्या पुडक्यांत चिरून इंटरनेटसारखा जातो. त्यातलं एखादं पुडकं हरवलं किंवा उशिरा आलं तर माणसाला कळतही नाही, "हॅलो" ऐकू येतंच. फॅक्सला मात्र ते सोसत नाही, आणि वेग जितका जास्त तितकं कमी सोसतं. छोट्या चिठ्ठीचं पान निभावलं, गच्च रेषांच्या ड्रॉइंगला वेळ जास्त लागतो म्हणून ते सापडलं. आमचा मोडेम "मला १४४०० चा वेग जमतो" असं समोरच्याला सांगत होता. मी सेटिंगमध्ये त्याला ९६०० च्या वर जायचं नाही असं बजावलं. पानाला थोडा वेळ जास्त लागतो, पण त्यानंतर काकांनी पाठवलेली अकराही पानं नीट आली. तुमच्याकडे फायबर आल्यापासून फॅक्स तुटत असेल तर आधी वेग कमी करून बघा.

दुसरी अडचण काकूने काढली. तिची ग्वाल्हेरची बहीण रोज दुपारी चारला याच नंबरावर फोन करते. सोमवारी तिने फोन केला तर डबीने उचलला आणि तिच्या कानात शिट्टी घातली. मावशी घाबरली, तिने थेट माझ्या आईला फोन लावला, "त्यांच्याकडे काहीतरी झालंय." मग वेळ वाटून दिली. पहाटे पाच ते दुपारी दोन, म्हणजे जपानचं ऑफिस चालू असेपर्यंत, डबी दुसऱ्या रिंगला उचलते. त्यानंतर ती फोनला हात लावत नाही. दुपार काकूची.

तिसरी गोष्ट लाइटची. तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळायची, घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. म्हणून फायबरचा डबा, मोडेम आणि कॉम्प्युटर, तिघांना मिळून एक छोटा यूपीएस लावला. एकाला लावून उपयोग नाही. तोही संपला तर फोन लागणारच नाही, आणि जपानचं मशीन थोड्या वेळाने पुन्हा नंबर फिरवेल. ते परवडतं. न मिळालेलं पान "मिळालं" म्हणून सांगणं परवडत नाही. नेट बंद असेल तर फॅक्स कार्डावर राहतो आणि नेट आलं की मेल जातो. मी मुद्दाम नेट काढून, पान घेऊन, मधेच वीज तोडून पाहिलं. पान जागेवर होतं. काकांनी ते दोनदा करून दाखवायला लावलं.

कागदाचं काय, हा काकांचा शेवटचा प्रश्न. लेथवर उभा असलेला माणूस फोन बघून काम करत नाही. त्यामुळे फोरमनभाई मेल उघडून लेझर प्रिंटरवर ड्रॉइंग छापतात आणि मशीनसमोर टांगतात. यात एक फायदा झाला. जुन्या मशीनचा थर्मल कागद बडोद्याच्या उन्हाळ्यात काळवंडायचा आणि वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडायची. काकू प्रत्येक फॅक्सची झेरॉक्स काढून ठेवायची, ती गोदरेजच्या कपाटात दोन खण भरून आहे. ज्यांची राहिली ते कागद आता कोरे आहेत.

यावरून सगळ्यांना एक विनंती. तुमच्या फाइलमध्ये थर्मल कागदावरचं काही असेल, ईसीजीची पट्टी, एटीएमची पावती, वॉरंटीचं बिल, तर आजच त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, उन्हात ठेवू नका.

आणि ज्यांच्याकडे फॅक्स महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच येतो, त्यांनी एवढी खटपट करू नये. फॅक्स घेऊन ईमेल करणाऱ्या पैसे भरायच्या सेवा मिळतात. आम्हाला ते जमलं नाही, कारण गिऱ्हाईकाकडे पंचवीस वर्षं हाच नंबर आहे आणि तो बदलायचा नव्हता.

गेल्या महिन्यात काका आणि काकू दोघंही पुण्याला गेले. ताईला मुलगी झाली. बाविसाव्या दिवशी पहाटे पाच चाळीसला काकांचा फोन टुणकन वाजला. काकू जागीच होती, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने फोन बघितला, चश्मा नव्हता, तरी ड्रॉइंग ओळखलं आणि काकांना हाक दिली. काय म्हणाली ते तुम्हाला माहीत आहे.

काकांनी उठून फोरमनभाईंना फोन लावला. व्यास बघून घ्या म्हणाले, मापात बदल आहे. भाईंनी सांगितलं, "शेठ, मी प्रिंट काढलीये, बदल लाल पेनाने गोल केलाय." काका पुन्हा झोपले. ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बाबा सकाळी साडेसातपर्यंत झोपलेले तिने लहानपणापासून कधी पाहिले नव्हते.

जुनं मशीन अजून दिवाणखान्यातच आहे, टीव्हीच्या शेजारी. वायर काढलेली, वर काकूने विणलेला रुमाल. ते हलवायचं नाही असं तिने सांगितलंय.

तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र माणसांना घरात अडकवून बसलं असेल तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू.