जुने यंत्र आणि मावशीच्या ओव्या

आमच्या घरी टीव्हीखाली एक काळे धूड पडून असते. त्याचे नाव प्लेस्टेशन 3. धाकट्या भावाने ते कुणाकडून तरी वापरलेले घेतले होते. तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि यंत्र आमच्या चिरंजीवांच्या वाट्याला आले. आम्ही त्याला अभ्यासाचा वैरी, विजेचे बिल वाढवणारा पाहुणा, काय काय म्हटले आहे. पण मागच्या महिन्यात त्याच यंत्रापुढे आम्हाला हात जोडून बसावे लागले, त्याची ही हकीकत.

आमची मावशी गेल्या वर्षी वारली. त्याआधीच्या उन्हाळ्यात मुलाने गावी जाऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर टिपल्या होत्या, चांगल्या 40 मिनिटे. आईला मोतीबिंदू. मोबाईलवर तिला नुसता पदर हलताना दिसतो. "मोठ्या टीव्हीवर दाव की रं," एवढेच तिचे मागणे. आमचा टीव्ही पेनड्राईव्हमधले फोटो दाखवतो, चित्रफीत दाखवत नाही. म्हणून मुलगा म्हणाला, "पप्पा, प्लेस्टेशनवर लावू."

पहिले घोडे पेनड्राईव्हपाशीच अडले. हे यंत्र फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राईव्ह वाचते, आणि त्या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. आमची होती 6 जीबीची. मुलाने तिचे दोन तुकडे केले. तरी पडद्यावर उत्तर आले, 'अनसपोर्टेड डेटा'. आई बिचारी चष्मा पुसून बसलेली. बाजारातल्या दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "भंगारात घाला, नवीन घ्या." पगार झालेला नव्हता, आणि झालेला असता तरी आम्ही नवीन घेतले नसते.

मग आम्ही मुलाला समोर बसवून सगळे समजून घेतले. कचेरीतल्या भाषेत सांगायचे तर हा लघुलिपीचा मामला आहे. चित्रफीत जशीच्या तशी साठवली तर जागा पुरणार नाही, म्हणून ती लघुलिपीत लिहितात. एच.264 नावाची लघुलिपी 2003 साली ठरली. प्लेस्टेशन 3 हे 2006 साली जपान-अमेरिकेत बाजारात आले, ते ही लिपी उत्तम वाचते. पुढे 2013 साली एच.265 आली. ती निम्म्याच्या आसपास जागेत तेवढेच चित्र बसवते, म्हणून आताचे बरेच मोबाईल तीच वापरतात. आमच्या मुलाच्या मोबाईलनेही मावशी त्याच लिपीत लिहून ठेवली होती! जुन्या लघुलेखकापुढे नव्या पद्धतीची वही ठेवली तर त्याला दोष कसा द्यावा? डब्याचाही प्रश्न असतो. एमपी4 हा डबा या यंत्राला उघडता येतो, एमकेव्ही येत नाही, मग आत भाजी ओळखीची का असेना.

भंगार म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. 2010 साली अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने अशीच 1,760 यंत्रे एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला होता. हे आम्ही दुकानदाराला सांगितले नाही, पण सांगावेसे फार वाटले.

उपाय फुकटात झाला. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'फास्ट 1080पी30' हा तयार पर्याय निवडला की एच.264 लिपीतली एमपी4 फाईल मिळते. वस्तीतल्या अभ्यासिकेचा संगणक जुना, तेव्हा रात्री काम लावून दिले आणि सकाळी घेऊन आलो. 6 जीबीची फाईल अडीच जीबीवर आली. मुलगा हळहळला, "पप्पा, फोर-के होतं, आता कमी झालं." आम्ही हिशोब मांडला. फोर-के म्हणजे 82,94,400 ठिपके. आमच्या टीव्हीत मुळात आहेत 20,73,600. जे दिसणारच नव्हते ते गेले, मग रडायचे कशाला?

त्याच वेळी चिरंजीव मोबाईलमधली मूळ फाईल पुसायला निघाले होते, जागा हवी म्हणून. आम्ही हात धरला. नवी फाईल ही नक्कल आहे, आणि नकलेत थोडे काही तरी गळतेच. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवा, मगच मोबाईल रिकामा करा. पुढचे चित्रीकरण करताना मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.264 आणि 1080पी निवडता आले, तर हा सगळा खटाटोपच टळतो.

शेवटची एक खोच. पेनड्राईव्ह लावूनही फाईल दिसत नसेल तर घाबरू नये. पेनड्राईव्हच्या नावावर येऊन त्रिकोणाचे बटण दाबावे आणि 'डिस्प्ले ऑल' निवडावे. आम्हाला हे कळायला अर्धा तास लागला.

रविवारी सकाळी लावले. शेजारच्या दोन बाया पण आल्या होत्या. मावशी जात्याशी बसली, खुंटा धरला, आणि गायला लागली. आई पुढे सरकत सरकत टीव्हीच्या हातभर अंतरावर गेली. "अगं बया, हिच्या मनगटावरचं गोंदण दिसतंय की! आम्ही दोघींनी एकाच जत्रंत गोंदलं व्हतं." तिने स्वतःचा हात पुढे करून शेजारणींना दाखवला. 40 मिनिटे संपली, तशी ती मुलाला म्हणाली, "बाळा, पहिल्यापासनं लाव."