सौदा मक्तेदाराशी, दार बंद जनतेला!

रायपूरच्या पंडरी भागातला कामगार हप्त्याने दूरचित्रवाणी संच घेतो. संच त्याचा होतो. पडद्यावरची सत्ता मात्र गूगलची राहते. ‘प्ले स्टोअर’ हवे असेल तर आमची बाकीची ॲपही घ्या, आणि अँड्रॉइडमध्ये फेरफार केलेली दुसरी प्रणाली वापरू नका, अशा अटी ही बहुराष्ट्रीय कंपनी संच बनवणाऱ्यांवर लादत असल्याचे स्पर्धा आयोगाच्या तपासात आढळले. एप्रिल २०२५ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. कंपनीने भारतात स्वतंत्र परवाना देण्याचे कबूल केले, आणि पंधरा टक्के सूट मिळून २०.२४ कोटी रुपयांवर हिशेब चुकता झाला.

अटी सैल झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. प्रश्न असा की, ही तडजोड जनहिताची आहे की नाही हे तपासणार कोण? २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम ४८-ए बजावते की, अशा आदेशावर अपील नाही! आयोग हरकती ऐकेल. पण सौदा करणारा तोच आणि त्यावर निवाडा देणाराही तोच.

याच कंपनीला ऑक्टोबर २०२२ मध्ये मोबाइलच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड झाला, तेव्हा ती अपिलात गेली. दंड कायम राहिला, तरी मार्च २०२३ मध्ये आयोगाचे चार निर्देश तिने रद्द करून घेतले. म्हणजे मक्तेदाराला दंड झाला तर अपिलाचे दार उघडे, आणि जनतेच्या हक्काचा सौदा झाला तर तेच दार बंद!

मक्तेदारी भांडवलाचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतसुद्धा १९७४ च्या टनी कायद्यानुसार सरकारला अशी तडजोड साठ दिवस लोकांपुढे ठेवावी लागते आणि न्यायाधीशाला जनहिताची कसोटी लावावी लागते. मायक्रोसॉफ्टशी २००१ मध्ये झालेल्या तडजोडीवर तीस हजारांहून अधिक अभिप्राय आले. न्यायालयाने २००२ मध्ये ती बहुतांशी मान्यच केली. बुर्झ्वा न्यायालयाकडून याहून वेगळी अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. तरीही सरकारला आक्षेपांची लेखी उत्तरे द्यावी लागली.

तडजोडीने वेळ वाचतो, असे समर्थक सांगतात. मग जून २०२१ मध्ये सुरू झालेल्या चौकशीला तडजोडीपर्यंत पोचायलाच जवळजवळ चार वर्षे का लागली? रिट अर्जाची वाट उरते, असे कायदेपंडित म्हणतील. पण तिथे अपिलासारखी गुणदोषांची समग्र तपासणी होत नाही.

म्हणून अपीलबंदी रद्द झाली पाहिजे आणि प्रत्येक तडजोड खुल्या न्यायालयीन तपासणीतून गेली पाहिजे. खटला मिटला म्हणून मक्तेदारी मिटत नाही.