फिजिओथेरपीला जायचं? आधी हे गणित मांडा!



नीटचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "एमबीबीएस नाही मिळालं, तर फिजिओ तरी करू दे." हे 'तरी' फार घातक आहे. त्या एका शब्दात मुलीची पाच वर्षं आणि वडिलांची पाच-सात लाखांची पुंजी ठरून जाते. पुढे नोकरी कुठे मिळेल, पगार किती मिळेल, या क्षेत्रात कोण काम करतं, हे कोणी विचारतच नाही. म्हणून आज त्यावरच बोलूया.

माझं मत आधीच सांगतो. फिजिओथेरपी हे उत्तम शास्त्र आहे आणि त्याची गरज वाढत जाणार आहे. पण आपल्याकडे या कामाचा मोबदला लाज वाटावी इतका कमी आहे. म्हणून मुलांना तिकडे पाठवताना डोळे उघडे ठेवून पाठवा आणि तो मोबदला वाढावा म्हणून आपणही बोला.

हे काम नेमकं काय असतं?

अनेकांच्या मनात फिजिओथेरपी म्हणजे मालिश किंवा 'शेक देणं' असतं. प्रत्यक्षात पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवणं, गुडघा बदलल्यावर तो वाकता करणं, अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करून श्वास सुधारणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाला मान धरायला शिकवणं, ही सगळी कामं फिजिओथेरपिस्टची. शस्त्रक्रिया तासाभरात होते, पण त्यानंतरचे तीन महिने रुग्णासोबत हाच माणूस असतो.

आपल्या महाराष्ट्राला तर या विषयाचा अभिमान असायला हवा. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेली आणि त्यानंतर १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. पोलिओ गेला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण काम कमी झालं का? उलट वाढलं! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. आज हा वाटा त्याहून मोठा आहे. गुडघे, कंबर, मान, पक्षाघात, हे सगळं वयाबरोबर येतंच.

मग पगार का नाही?

आता वहीत एक साधं गणित मांडा. मुलांनाही मांडायला लावा, शेकडेवारीचा छान सराव होईल.

महाराष्ट्रात बी.पी.टीएच. हा अभ्यासक्रम आतापर्यंत साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो इंटर्नशिपसह पाच वर्षांचा झाला आहे. खासगी महाविद्यालयात वर्षाची फी लाखाच्या पुढे जाते. समजा, वर्षाला सव्वा लाख धरली, तर चार वर्षांचे झाले ५ लाख. वसतिगृह, मेस, पुस्तकं वेगळी.

आता कमाई बघा. नव्या पदवीधरांना विचारलं तर खासगी दवाखान्यात सुरुवातीला बारा ते वीस हजारांच्या मधला आकडा बहुतेक जण सांगतात. शहराप्रमाणे तो थोडा खाली-वर होतो. आपण १५ हजार धरू. ५ लाख भागिले १५ हजार, म्हणजे ३३ महिने! पावणेतीन वर्षं एक रुपयाही खर्च न करता पगार जमवला, तर फक्त फी वसूल होते. कर्ज काढलं असेल तर व्याज आणखी वेगळं.

याच पदवीवर केंद्र सरकारच्या रुग्णालयात लागलं तर? तिथे फिजिओथेरपिस्टचं पद साधारणपणे सातव्या वेतन आयोगाच्या स्तर ६ मध्ये येतं. म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. काम तेच, रुग्ण तेच, पगार मात्र दुपटीहून जास्त. यावरून एक गोष्ट कळते. या कामाची किंमत कमी नाही, ती योग्य मोजणारी पदं कमी आहेत. सरकारी जागा मोजक्या निघतात. जिल्हा पातळीवरच्या अनेक जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी आहेत. आणि दरवर्षी महाविद्यालयांतून नवे पदवीधर बाहेर पडतातच. दारात दहा जण उभे असले की मालक पगार कशाला वाढवेल?

या वर्गात मुली जास्त का?

कोणत्याही फिजिओथेरपी महाविद्यालयात डोकावून बघा, मुलींची संख्या जास्त दिसेल. हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतही साधारण तीनपैकी दोन फिजिओथेरपिस्ट स्त्रिया आहेत. त्याला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी या व्यवसायाची पहिली संघटना उभी केली. अमेरिकेत पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभं करायला स्त्रियाच पुढे आल्या आणि १९२१ मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना झाली. म्हणजे हा व्यवसाय स्त्रियांनीच घडवला आहे.

पण आपण त्याचा अर्थ काय लावतो? "मुलीसाठी बरं आहे, रात्रपाळी नाही, लग्नानंतर घरी क्लिनिक टाकता येईल." आणि पगाराचा विषय निघाला की, "तिला कुठे घर चालवायचंय?" पालकहो, राग मानू नका, पण कमी पगाराचं एक मूळ या वाक्यात आहे. मुलीची कमाई म्हणजे वरखर्चाचे पैसे, असं घरानेच ठरवलं तर दवाखान्याचा मालक वेगळं का ठरवेल? अंगणवाडी सेविका, परिचारिका, बालवाडीच्या ताई, सगळ्यांच्या बाबतीत आपण हेच बघत आलोय.

घरी जाऊन उपचार देण्यात पैसे बरे मिळतात, हे खरं. पण त्यात दिवसभर प्रवास, अनोळखी घरं आणि रजा घेतली तर कमाई शून्य. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहेच. हा हिशोबही मांडायला हवा.

परदेशाचं स्वप्न

अमेरिकेत २०२४ मध्ये फिजिओथेरपिस्टचं मधलं वार्षिक वेतन १ लाख डॉलरच्या थोडं वर होतं. हा आकडा कानावर पडला की डोळे चमकतात. पण तिथे आता डॉक्टरेट दर्जाची पदवी हा पाया आहे. भारतीय पदवी तपासून घ्यावी लागते, परवाना परीक्षा द्यावी लागते, मग व्हिसा. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. जाणाऱ्याने जरूर जावं, पण हे सगळं पहिल्या वर्षीच माहीत असावं, पदवी हातात पडल्यावर नव्हे.

आणि मानाचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी नावापुढे 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं आणि लगेच मागेही घेतलं. त्यावर खूप चर्चा रंगली. मला वाटतं, दोन अक्षरांवर जेवढा वाद झाला, त्याच्या निम्मा जरी पगारावर झाला असता तर बरं झालं असतं. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी यांना देशभर एक चौकट मिळाली. हे चांगलंच आहे. पण या कायद्याने किमान पगार ठरत नाही. तो मागावा लागतो.

मग आपण काय करायचं?

पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी बघाव्यात. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या महाविद्यालयाची मंजूर केलेली फी किती आहे? महाविद्यालयाला स्वतःचं चालतं रुग्णालय आहे का, की रुग्णच नाहीत? इंटर्नना विद्यावेतन मिळतं का? आणि दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय कमावतात? शेवटचा प्रश्न माहितीपत्रकाला विचारू नका, थेट त्या विद्यार्थ्यांना फोन करा.

शिक्षकांनी दहावीनंतरच्या मार्गदर्शनात हा विषय 'डॉक्टर होता आलं नाही तर' या रकान्यातून बाहेर काढावा. ज्याला माणसांशी बोलायला आवडतं, ज्याच्याकडे धीर आहे, ज्याला शरीराची रचना समजून घ्यायची ओढ आहे, अशा मुलाला, हो, मुलालाही, हा मार्ग दाखवावा.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आपल्या वर्गातल्या ज्या मुलाचा पाय वळत नाही, त्याला रॅम्प मिळतो, खुर्ची मिळते. पण नियमित व्यायामोपचार किती शाळांत मिळतात? शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गटसाधन केंद्रात पूर्णवेळ, नियमित वेतनावरचा फिजिओथेरपिस्ट हवा, असा ठराव करून वर पाठवा. त्यातून आपल्या मुलांना उपचार मिळतील आणि आपल्याच माजी विद्यार्थिनींना मानाची नोकरी मिळेल.

शिकायला कठीण, करायला कष्टाचं आणि मोबदल्याला हलकं, असं कोणतंही काम फार दिवस चांगली माणसं टिकवून ठेवू शकत नाही. उद्या आपले गुडघे कुरकुरतील तेव्हा चांगला हात जवळ असावा असं वाटत असेल, तर त्या हाताला आजच योग्य दाम मिळायला हवा.

तुमच्या ओळखीत कोणी फिजिओथेरपी केली आहे का? त्यांना पहिला पगार किती मिळाला, हे विचारून बघा आणि तो आकडा आपल्या वर्गातल्या मुलांनाही सांगा.