चेहरा जुळला नाही, तर आहाराचे काय?

चुडाव्यासारख्या गावातल्या गरोदर बाईला अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार ही मेहेरबानी नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. १ जुलै २०२५ पासून मात्र ‘पोषण ट्रॅकर’ ॲपने चेहरा ओळखल्यावरच तो देण्याचा नियम झाला. बोगस लाभार्थी रोखणे हा हेतू योग्यच.

पण ॲप करते काय? आधी नोंदवलेला चेहरा आणि आताचा फोटो किती जुळतात, याचा अंदाज बांधते. उजेड कमी असला, चेहरा सुजलेला असला की अंदाज चुकू शकतो. गरोदरपणात चेहऱ्यावर सूज येणे हे वाढलेल्या रक्तदाबाचेही लक्षण असू शकते. म्हणजे जिची काळजी आधी घ्यायची, तीच रिकाम्या हाताने परतायची!

अहवाल आणि रुग्ण यांचा मेळ बसला नाही, तर आम्ही डॉक्टर रुग्णाला पुन्हा तपासतो. घरी पाठवत नाही. आधारची पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आधार निकालातही आले आहे.

अंगणवाडी सेविका त्या बाईला नावानिशी ओळखते. फोटो जुळला नाही, तर वहीत नोंद करून आहार देण्याचा अधिकार तिला हवा. चूक यंत्राची असेल, तर उपाशी आईने का राहायचे?