वीज तोडायला आले तर...

परवा शेजारच्या वहिनी बिल हातात घेऊन धावतच आल्या. एरवी सहा-सातशे रुपयांचं बिल, या खेपेस एकदम नऊ हजार! “भरा, नाहीतर उद्या वीज तोडू,” असं माणूस दारात बजावून गेलेला. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर. मी म्हटलं, “वहिनी, आधी पाणी प्या. कायदा आपल्या बाजूनं आहे.”

भगिनींनो, २००३ च्या वीज कायद्यानं या धंद्यात खासगी कंपन्यांना वाट मोकळी करून दिली खरी, पण वीज काही साडीसारखी दुकानदाराच्या मर्जीवर सोडली नाही. रीतसर अर्ज करणाऱ्याला वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्यच ठरवलं. कंपनी सरकारी असो वा खासगी. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी, तोंडी दम चालत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर मागील ६ महिन्यांच्या सरासरीनं पैसे हरकत नोंदवून भरावेत. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल.

वहिनींनी तसंच केलं. आकडा वाचण्यातच चूक निघाली! तेव्हापासून आम्ही दोघी दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर मीटरचा आकडाही लिहितो. तुम्हीही लिहा.